मलम मांजरीनं चाटलं म्हणे!

मला झालं होतं गजकर्ण. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण ते नाव कळेपर्यंत लोकांनी मला काय काय नावं ठेवली ते पुढं येईलच. गजकर्ण म्हणजे अंगावर उठणारा गोल, खाजरा चट्टा. त्यानं माणूस मरत नाही, बोटं झडत नाहीत, वंश बुडत नाही. नेमानं मलम लावलं की महिना-दोन महिन्यांत जातं. एवढ्याशा दुखण्यापायी मी दीड महिना गुरांच्या गोठ्यात काढला आणि माझी अंगावर पिणारी पोर माझ्यापासून तोडली गेली. ज्यांच्या घरात असा चट्टा निघालाय त्यांनी हे वाचावं. ज्यांच्या घरात मांजर आहे त्यांनी दोनदा वाचावं.

काटा

माझं माहेर वडगाव निंबाळकर. चौथीपर्यंत शिकले आणि अंथुर्ण्याला दिली. सासरी कालव्याचं पाणी, लिंबं, वांगी, मिरची, कामाला तोटा नाही. घरात आम्ही मोजकी माणसं: सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, सासूबाई, त्यांना आत्याबाई, आमचे हे, मी आणि अकरा महिन्यांची शेवंता. शिवाय आत्याबाईंची लाडकी मांजर. तिचं नाव गवळण. दुधावर तिची एवढी नजर की दुसरं नाव शोभलंच नसतं. दिवसा आत्याबाईंच्या मांडीवर, रात्री त्यांच्याच घोंगडीत.

संक्रांत झाली आणि माझ्या मनगटाच्या वर एक लाल कडं उठलं. मग मानेवर दुसरं. खाज अशी की जीव नकोसा व्हावा. माघी पौर्णिमेला आत्याबाईंच्या नजरेला ते पडलं. त्यांनी गावातल्या एका जाणत्या म्हातारीला बोलावलं. म्हातारीनं चट्टा पाहिला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाली, "रगतपितीचा वहीम येतुया. काटा टोचून बघू. कळ लागली तर साधं, न्हाय लागली तर समजून जावा."

रगतपिती म्हणजे महारोग. तो शब्द ऐकला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

ओसरीवर मामंजी बसले होते. म्हातारीनं बाभळीचा काटा घेतला आणि चट्ट्यात घातला. देवा रे! डोक्यात कळ गेली. पण सासऱ्यापुढं सुनेचा आवाज निघू नये ही आमच्याकडची रीत. बाळंतपणात मी तोंडात पदराचा बोळा धरला होता, का, तर बाहेर मामंजी होते. तीच मी. खाली मान घालून, दात आवळून उभी राहिले. म्हातारीनं दुसऱ्यांदा काटा घातला. रक्त आलं. मी हूं की चूं केलं नाही.

"बगा," म्हातारी म्हणाली, "बधिर हाय."

झालं! माझ्या चांगल्या वळणानंच माझा घात केला. मामंजी उठून आत गेल्यावर मी आत्याबाईंना हळूच सांगितलं, "आत्याबाई, लई दुखलं वो मला."

त्या म्हणाल्या, "आता म्हंतीस व्हय? काय हाय ते कळल्यावर दुखाया लागलं!"

आजही हे लिहिताना माझं डोकं फिरतं. ओरडले असते तर बेशरम ठरले असते. ओरडले नाही, तर महारोगी ठरले. बाईनं करावं तरी काय?

गोठा

त्याच दुपारी माझं अंथरूण गोठ्यात गेलं. दोन बैल, एक गाय आणि मी. ताटली वेगळी, तांब्या वेगळा. भाकरी उंबऱ्यापाशी दगडावर ठेवायची, ठेवणारी चार पावलं मागं सरकल्यावर मी उचलायची. शेण काढायला मात्र माझा हात चालायचा, बरं का. तिथं कुणाला विटाळ झाला नाही.

शेवंता अजून अंगावर पीत होती. एका दिवसात तोडली. तिकडं घरात ती रडायची आणि इकडं माझी छाती दगडासारखी व्हायची. चोळी भिजायची. मी जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली, ताप आला, दोन दिवस गव्हाणीला टेकून कण्हत पडले. हे कुणी लिहीत नाही, पण ज्या बाईवर हे आलंय तिला कळेल म्हणून लिहिते. पोरीला शेळीचं दूध लावलं. मळ्याच्या बांधापलीकडं बिरूआबा राहायचे, त्यांची शेळी. एकेकाळी त्यांचा मेंढरांचा मोठा वाडा होता, आता दोन एकर रान आणि चार शेळ्या उरल्या होत्या. रोज सकाळी चरवी ते स्वतः आणून द्यायचे.

एके दिवशी गोठ्याच्या दारातून बघते तर शेवंता अंगणात उभी. आत्याबाई समोर बसून टाळ्या वाजवतायत. पोरीनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि जाऊन आत्याबाईंच्या गळ्यात पडली. माझ्या पोरीचं पहिलं पाऊल मी बैलाच्या पाठीआडून पाहिलं. रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला.

त्यातच मामंजींनी ठरवून टाकलं, पाडव्यापर्यंत वाट बघायची. चट्टे गेले नाहीत तर माझ्या भावाला बोलवायचं आणि मला वडगावला धाडायचं. पोर इथंच राहणार. म्हणजे मी पिकल्या पानासारखी गळून जायचं आणि माझं लेकरू त्यांनी ठेवून घ्यायचं! न्याय बघा.

बारामतीचा डॉक्टर

आमचे हे आईच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. पण एक काम त्यांनी केलं, त्याबद्दल मी त्यांचे सगळे गुन्हे अर्धे माफ करते. बाजारच्या आदल्या दिवशी गाडीत वांग्याच्या पाट्या भरल्या, मागं मला बसवलं, वर घोंगडं पांघरलं आणि बारामतीला नेलं. वाटेत कुणी विचारलं की म्हणायचे, "बेण्याची पोती हायती." मी पोत्यासारखी गप्प.

डॉक्टर गंभीर चेहऱ्याचे होते. त्यांनी चट्ट्यावर टाचणी टोचली आणि विचारलं, "दुखतं का?" शेजारी नवरा उभा. मी पुन्हा खाली मान घातली. खोड जाते थोडीच!

डॉक्टर भडकले. "अहो बाई, तुम्ही बोलला नाहीत तर मी काय ओळखायचं? दुखतं की नाही?"

"दुखतंय!" मी अशी ओरडले की बाहेर बाकावर बसलेली माणसं आत डोकावली. "पयल्यापासनं दुखतंय! काट्यानंबी दुखलं व्हतं!"

डॉक्टर हसले. त्या दीड महिन्यात माझ्याकडं बघून हसलेला तो पहिला माणूस. म्हणाले, "मग हा महारोग नाही. हे गजकर्ण आहे. घरात मांजर आहे का?"

"हाय," हे म्हणाले.

"तिच्या कानावरचे, पायावरचे केस गेलेत?"

"व्हय, कानामागं टक्कल पडलंय."

"तिच्यापासून आलंय. मांजर बरी झाल्याशिवाय या बऱ्या व्हायच्या नाहीत." त्यांनी गंधकाच्या मलमाची एक मोठी डबी दिली. मला आणि मांजरीला मिळून एकच! वर बजावलं, "मांजरीला चाटू देऊ नका. चाटलं तर गुणही येणार नाही आणि ती आजारी पडेल. आणि घरातल्या सगळ्यांचं अंग एकदा नीट बघून घ्या. तान्हं पोर असेल तर त्याला मांजरीपासून लांब ठेवा."

घरी आल्यावर ह्यांनी जसंच्या तसं सांगितलं. मामंजींनी बाराबंदी काढून आपलं अंग दाखवलं. आत्याबाई फणकारल्या, "माझ्या अंगाला काय धाड भरलीया? डाक्तर गावचा न्हाय, शिवचा न्हाय, त्येला काय ठावं! आन् पाडव्याचं ठरलंय ते ठरलंय."

सासूला बाही वर कर म्हणायची कुणाची छाती होती? विषय तिथंच मिटला.

चाटणारी

डबी माझ्याकडं द्यायला आत्याबाई तयार नव्हत्या. "गोठ्यात गाय चाटंल," म्हणाल्या. मग रोज सकाळी त्या एरंडाच्या दोन पानांवर मलम काढून दगडावर ठेवायच्या. एक पान माझं, एक गवळणीचं. मांजरीला लावायचं कामही माझंच. "तुझंच दुखणं, तूच निस्तर." मांजर कुणाची, दुखणं कुणाचं, पण निस्तरायचं मी!

गवळणीला मलम लावणं म्हणजे काय ते सांगते. आधी तिनं माझे हात ओरबाडले. मग लावून सोडली तर दोन उड्यांत गव्हाणीत जाऊन बसली आणि पंजा ओला करकरून कान असा साफ केला, वर माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. दुसऱ्या दिवशी धडपा गुंडाळला, तो तिनं पाठीवरून सोलून काढला. वासराचं मुसकं घातलं, त्यातून तोंड अख्खं बाहेर. मग मांडीत दाबून धरून बसले तर तिनं मांडीतच कार्यक्रम उरकला.

आत्याबाई उंबऱ्यावरून ओरडायच्या, "जपून गं! मांजर मेली तर सोन्याची मांजर करून काशीला सोडावी लागती. तुझा बा करणार हाय?"

सून मेली तर काय सोडावं लागतं हे विचारायचं माझ्या जिभेच्या टोकावर होतं.

आणि मग आत्याबाईंनी एक शहाणपणा केला. एका सकाळी पानावरचं मलम पांढरंफेक आणि मऊ दिसलं. त्यांनी काशाच्या ताटात शंभर पाण्यांनी तूप धुतलं होतं आणि ते मलमात कालवलं होतं.

"ह्ये काय केलंसा आत्याबाई?"

"मलम लई झोंबतंय गं. गरम पडतंय. तूप घातलं की थंड व्हतंय."

माझ्या अंगाला ते थोडं झोंबायचं, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मांजरीनं तर सांगितलं नसणारच. तेव्हा माझ्या हे ध्यानात आलं नाही, हा माझा मूर्खपणा. मी नुसती कपाळावर हात मारून बसले. घरचं गाईचं तूप, आणि ते मांजरीच्या अंगाला लावायचं! गवळणीनं त्या दिवशी ओरबाडलं नाही. कान पुढं करून लावून घेतलं, मग डोळे मिटून सगळं चाटून काढलं आणि आणखी हवं म्हणून माझ्या पायात घोटाळायला लागली. दुपारी ओकली.

"मांजर मारतीया अवदसा!" असा आत्याबाईंनी गाव गोळा केला. तूप कुणी कालवलं ते कुणी विचारलं नाही.

तूप बंद झालं. पण आता पानावरचं मलमच कमी व्हायला लागलं. आधी सुपारीएवढं यायचं, मग हरभऱ्याएवढं, मग नुसतं पान पुसल्यासारखं. विचारलं की एकच उत्तर, "मांजरीनं डबी चाटली." हे दुसऱ्यांदा बारामतीला गेले तेव्हा दुसरी डबी आणली. तीही तशीच झपाट्यानं उतरायला लागली. माझ्या मानेचा चट्टा बरा होत आला होता, मनगटाचा तसाच. पाडवा बारा दिवसांवर आला. मी रात्रंदिवस त्या मांजरीला शिव्या घालायची. तिच्या जिभेवर माझं लेकरू टांगलेलं होतं.

कडू भोपळा

एका सकाळी बिरूआबा दुधाची चरवी घेऊन आले. मी मांजरीला मांडीत दाबून तिच्याशी भांडत होते. ते दारात थांबले. लांबून नव्हे, अगदी दारात. बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, मांजरासंगं भांडून कोण जितलंय?"

"मंग काय करू आबा? पाडव्याला मला धाडत्यात. ही बया समदं चाटतीया."

"मेंढरू जखम चाटतंय तवा आमी त्येच्या मानंची वाट अडवतो. थांब."

दुसऱ्या दिवशी ते वाळलेला कडू भोपळा घेऊन आले. आतून कोरलेला, हलका. त्यांनी कोयत्यानं त्याचा देठाकडचा निमुळता भाग कापला, नरसाळ्यासारखा. बाजूनं एक चीर दिली, कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या, भोकं पाडून लोकरीचा दोरा ओवला. निमुळतं तोंड मांजरीच्या मानेत, रुंद तोंड पुढं. दोरा बांधला आणि तिला सोडली.

"चाट म्हनावं आता," आबा म्हणाले.

गवळणीनं मान वळवली, जीभ काढली, ती भोपळ्याला लागली. कडूजहर! तिनं असं तोंड केलं की मी किती दिवसांनी मोठ्यांदा हसले. मागं मागं सरकत गेली, भिंतीला थडकली, गाईनं फुस्स केलं. शेवटी गोठ्याच्या मधोमध बसून राहिली आणि भोपळ्यातून माझ्याकडं असं बघायला लागली की गावात पंच बसवून माझा न्याय करणार.

खायच्या वेळेला भोपळा काढायचा, खाणं झालं की घालायचा. आबांनी बजावलं, दिवसरात ठेवायचा. आठ दिवसांत तिच्या कानामागं कोवळी लव दिसायला लागली. मांजरीला मी जिंकलं होतं. आता माझं मलम वाढायला हवं होतं. पण नाही! पानावर पुन्हा हरभऱ्याएवढंच.

मी उंबऱ्यावरून विचारलं, "आत्याबाई, आता मलम कुठं जातंय?"

"मांजर चाटतीया की."

"भोपळा घालून?"

"जीभ लांब हाय तिची," असं म्हणून त्या आत गेल्या.

पाडव्याचा आदला दिवस

त्या दिवशी पान आलंच नाही. मामंजी आणि हे गुढीची काठी आणायला मळ्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी दादा गाडी घेऊन येणार होता, निरोप आला होता. मी म्हटलं, मरायचंच तर विचारून मरू. बारामतीची खेप सोडली तर दीड महिन्यात पहिल्यांदाच मी गोठ्याचा उंबरा ओलांडला आणि परसातनं घराकडं गेले.

न्हाणीच्या दगडावर आत्याबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. चोळीची डावी बाही खांद्यापर्यंत सरकवलेली. शेजारी उघडी डबी. पलीकडं गवळण भोपळा घालून त्यांच्याकडं बघत बसलेली. आत्याबाईंच्या दंडावर चट्टे होते. एक नव्हे, चार, एकात एक गुंतलेले, मधून बरे झालेले आणि कडेनं पसरत गेलेले. माझ्यापेक्षा किती तरी जुने. त्या बोटानं मलम काढून भराभर चोळत होत्या.

"आत्याबाई."

त्या अशा दचकल्या की डबी घरंगळली. बाही खाली ओढली, पण मी पाहिलं ते पाहिलंच होतं.

"कवापासनं हाय ह्ये?"

त्यांनी बाहीची कड मुठीत घट्ट धरली. मग म्हणाल्या, "दिवाळीपासनं."

दिवाळी! मला संक्रांतीनंतर झालं. म्हणजे म्हातारीला बोलावून मला काटा टोचला तेव्हा त्यांच्या बाहीखाली ते होतं. मला गोठ्यात घातलं तेव्हा होतं. दगडावर भाकरी ठेवून चार पावलं मागं सरकत होत्या तेव्हा होतं! माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

"डाक्तरनं सांगितलं व्हतं ह्ये साधं हाय म्हणून! तुमी ऐकलंसा! तवा का न्हाय बोलला?"

"भ्या वाटलं गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या माहेरी एका बाईला शिवंभाईर टाकली व्हती. शेवटी तिला पानी पाजाया कुनी न्हवतं. डाक्तर चुकला तर? तू तरनीताठी, तुला माहेर हाय. मला ह्या वयात गोठ्यात कोन भाकर टाकनार? हौसे, कुनाला सांगू नगंस."

भीती खरी होती. मी नाही म्हणत नाही. पण तीच भीती मला नव्हती? माझी भीती म्हणजे काय रस्त्यावर पडली होती?

मी म्हटलं, "सांगत न्हाय. शेवंताला आना."

त्या उठल्या. पाळण्यातनं पोरीला उचलून आणलं आणि माझ्या हातात दिली. पोरीनं माझ्याकडं बघितलं, ओठ काढले आणि आत्याबाईंकडं हात पसरून रडायला लागली. दीड महिना! तेवढ्यात माझी ओळख पुसली. मी तिला छातीशी धरून खाली बसले. पाठीवरनं हात फिरवताना झबल्याखाली काहीतरी खरखरीत लागलं. झबलं वर केलं. पाठीवर आण्याच्या नाण्याएवढं लाल कडं.

माझ्यापासून सांभाळली म्हणे पोर!

आत्याबाईंनी ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मी डबी उचलली, आधी पोरीला लावलं, मग स्वतःला, मग त्यांना म्हटलं, "बाही वर करा." त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी गुढी उभी राहिली आणि दादाची गाडी दारात आली. आत्याबाई पुढं झाल्या, मामंजींच्या देखत मोठ्यानं म्हणाल्या, "कशाला न्हेतोस रं? बरी झालीया ती. साधं गजकर्न व्हतं." आणि माझ्या हातचा गुळ-लिंब खाल्ला. मामंजींनी कडूनिंबाचा पाला चावता चावता मान हलवली. संपलं! दीड महिन्याचा निवाडा मान हलवून.

शेवंता पुन्हा माझी व्हायला आखाडी उजाडली. दूध तर परत आलंच नाही. गवळणीचे केस सगळे भरून आले आणि भोपळा खुंटीला टांगला. आम्ही तिघी एकाच डबीनं बऱ्या झालो. आत्याबाई नंतर माझ्याशी चांगल्या वागल्या, खोटं कशाला सांगू. त्यांना मी माफ केलं का, ते मलाच ठाऊक नाही. दिला शब्द मात्र पाळला. त्या गेल्या साली गेल्या, म्हणून आज लिहिते.

गंधकाचं मलम चांगलं. भोपळा उत्तम. त्यात तूप कालवू नका. आणि तुमच्या घरात कुणाच्या अंगावर चट्टा दिसला, तर काटा घ्यायच्या आधी घरातल्या सगळ्यांनी बाह्या वर करा. थोरल्यांनी पहिल्यांदा. मग ठरवा, गोठ्यात कुणाला बसवायचं ते.